चंपाक्कांचा पासपोर्ट

पासपोर्टला हळदकुंकू लावू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवी गाडी आली की आपण बॉनेटवर स्वस्तिक काढतो. नवा मिक्सर आला की त्यालाही बोट लावतो. आमच्या ह्यांनी तर नव्या मोबाईलच्या काचेला कुंकू लावून घेतलं होतं आणि मग चार दिवस फोन उचलायला त्यांचं बोट चालत नव्हतं. मग एका परदेशातून दुसऱ्या परदेशात निघालेल्या चार पासपोर्टांनीच काय पाप केलं होतं? भाऊबीजेची सकाळ होती. मी चारही पासपोर्ट देवापुढं मांडले, फोटोचं पान उघडलं आणि तेलात कालवलेलं कुंकू एकेका फोटोच्या बरोबर कपाळाला लावलं. वरच्या कव्हराला लावलं असतं तर पिशवीत पुसून गेलं असतं, आणि कुठला पासपोर्ट कुणाचा हे देवाला तरी कसं कळणार, अशी माझी अक्कल. फक्त डोळ्यावर चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय मला ते चार फोटो म्हणजे चार पुसट भोपळे दिसत होते. त्यातला एक भोपळा चंपाक्कांचा होता, आणि चंपाक्कांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. म्हणजे शहाणपण यायला अजून बराच वेळ होता. ते आल्याचं आजतागायत कुणी कळवलेलं नाही.

चंपाक्का माझ्या विहीणबाई. माझा मुलगा रणजित कसबा बावड्यात ऊस आणि साखर बघत मोठा झाला, केमिस्ट झाला आणि केनियाच्या पश्चिमेला एका साखर कारखान्यात नोकरीला लागला. आमच्याकडची पोरं उसाच्या मागं कुठंही जातात. मुंग्या जात नसतील एवढी जातात. त्यानं लग्न केलं कुरुंदवाडच्या सुजाताशी. ती जैन शेतकऱ्याची लेक, आम्ही मटणाच्या रश्श्यावर वाढलेले. दोन्ही घरांनी वर्षभर तोंडं फुगवली आणि मग दमून खाली घेतली. त्या दिवाळीला रणजितनं दोन्ही आयांना एकदमच बोलावलं. आमचे हे काही आले नाहीत. "म्हशी सोडून कुठं येऊ?" म्हणाले. घरात म्हशी दोन, पण त्यांच्या जिवावर ह्यांनी आयुष्यभर किती लग्नं, किती बारशी चुकवली, त्याला गणती नाही.

चंपाक्का अंगानं काडी, हात मात्र गड्यासारखे मोठे. बोलणं असं की शेजारच्या रानातल्याला वाटावं आपल्यालाच हाक मारली. आमच्या भागातल्या पुष्कळ बायकांसारखं त्याही 'मी गेलो, मी केलो' म्हणायच्या. त्यांचा एकच मंत्र होता: जिथलं तिथं. चमचा जिथलं तिथं, चप्पल जिथलं तिथं. सुजाताच्या घरात मी साखरेचा डबा हलवला की माझी पाठ फिरायच्या आत तो परत आपल्या जागी. आधी मला वाटलं, मला चिडवायला करतात. मग वाटलं, सवय असेल. आता वाटतं दोन्ही असेल.

सूर्य मावळला की त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही. जमिनीखाली वाढलेलं काही खायचं नाही. कांदा, बटाटा, लसूण, काही नाही. आणि मी दोन किलो कांदा-लसूण मसाला घेऊन विमानातून आलेली. पहिल्या दिवशी मी तो डबा उघडला तेव्हा त्या उठल्या, खिडकी उघडली आणि डबा बंद होईपर्यंत खिडकीपाशी उभ्या राहिल्या. इतका अपमान मला कुणी शिव्या देऊनही केला नव्हता.

त्या देशानं मला पहिल्या दिवसापासून गोंधळात टाकलं. कारखान्याचा ड्रायव्हर जोसेफ एकदा म्हणाला, उद्या एक वाजता तळं बघायला निघू. मी सकाळी निवांत डोक्यावरून न्हायला बसले. केस ओले, साबण डोळ्यात, आणि दारात हॉर्न. तिथं दिवस सूर्य उगवल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. रणजितनं मला कागदावर काढून दाखवलं, मी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकले. चंपाक्का मात्र दोन्ही दिवस वेळेवर गाडीत. मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं? तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच परक्या देशातली.

"सूर्य उगवल्यावर पयला तास म्हंजे एक. ह्यात अवघड काय हाय? दिवस आत्ता कुठं उजाडतोय, तर सात कसं वाजून बसतील?"

त्यांचं सगळं आयुष्य सूर्याशी बांधलेलं. त्यांना साठ वर्षांनी त्यांचं घड्याळ सापडलं होतं, आणि ते आफ्रिकेत होतं.

भाऊबीजेला आम्ही निघालो ते युगांडाला. मला सांगितलं होतं की एका तळ्यातून नाईल नदी बाहेर पडते ती बघायला जायचंय. मी खूश. पण खरं कारण नदी नव्हती, आणि ते मला सोडून गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला सीमेवर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते. चंपाक्कांचा धाकटा भाऊ भूपाल; त्या त्याला 'तम्मा' म्हणायच्या. तो तिकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होता. त्यानं तिथल्याच ग्रेस नावाच्या बाईशी लग्न केलं. त्यांच्या वडलांनी घरात त्याचं नाव घेणं बंद केलं आणि सगळ्यांना बंद करायला लावलं. सतरा भाऊबिजा चंपाक्कांनी चंद्राला ओवाळलं. वडील त्या उन्हाळ्यात गेले. आता सांगायला कुणी नव्हतं, ओवाळायला भाऊ होता, आणि दिवस एकच होता. तोही सूर्य मावळेपर्यंतचा, कारण दिवेलागणीनंतर भावाच्या घरी त्यांच्यानं घासही खाल्ला गेला नसता. आणि ओवाळून, न जेवता उठायचं म्हणजे सतरा वर्षांचं भांडण तसंच दारात ठेवून यायचं.

सीमेच्या अलीकडं रस्त्याकडेला एक झरा होता. पाइपातून पाणी डबक्यात पडायचं, बायका पिवळे कॅन भरत होत्या. चंपाक्कांनी आपलं पांढरं फडकं काढलं, दुहेरी केलं, तांब्यावर धरून पाणी गाळलं. मग फडकं उलटं करून दुसऱ्या पेल्यात खळबळलं. गाळताना फडक्यात अडकलेले जीव असतात, ते त्याच पाण्यात परत सोडायचे, दुसऱ्या पाण्यात सोडले तर मरतात, असा त्यांचा नेम. त्या दिवशी मी बडबडून त्यांचं लक्ष घालवलं. तो पेला तसाच हातात घेऊन त्या गाडीत बसल्या. चार-पाच मैल गेल्यावर त्यांना आठवलं.

"ओ पावणं, गाडी मागं फिरवा."

जोसेफला मराठी येत नव्हतं, पण त्यानं गाडी थांबवली. त्या आवाजाला कुठल्याही भाषेत गाडी थांबते. सुजातानं त्याला समजावलं. त्यानं पेल्यात डोकावून बघितलं, नुसतं पाणी. किती जण आहेत, त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं. सुजातानं आईला विचारलं. चंपाक्का म्हणाल्या, मोजलं न्हाई, पर घर सगळ्यास्नी असतंय. जोसेफ चार-पाच मैल मागं गेला, चंपाक्कांनी पेला डबक्यात ओतला आणि आम्ही पुन्हा निघालो. मी मनात हसत होते. आणि हसता हसताच मला आठवलं की सकाळी मी देवापुढं चार पासपोर्ट मांडले होते, तीन नाही.

कायदा वगैरे माझ्या डोक्यातच आलं नाही. विधवेच्या फोटोला कुंकू लावलं, तेही विहिणीच्या, तेही भाऊबीजेला. त्यांना वाटणार मी मुद्दाम डिवचलं. पासपोर्ट रणजितच्या पिशवीत होते. मागून घेऊन गुपचूप पुसावे म्हटलं, तर मागायचे कसे? सांगावं म्हटलं, तर तोंड उघडेना. मी पर्समधला चष्मा काढून डोळ्यावर लावला. आता लावून काय उपयोग होता, देव जाणे.

सीमेवर ट्रकांची रांग बावड्याहून शिरोळला पोचावी एवढी. एका मोठ्या हॉलमध्ये दोन्ही देशांच्या खिडक्या शेजारी शेजारी. पहिल्या खिडकीत केनियानं फोटो न बघताच आम्हाला सोडलं, दुसऱ्या खिडकीत युगांडानं घ्यायचं. मधे दोन पावलांची फरशी. त्या फरशीवर आपण कुठं असतो, असं मी रणजितला विचारलं, तर तो म्हणाला, आई, रांगेत असतो.

दुसऱ्या खिडकीत गोल चेहऱ्याची, केसांच्या बारीक वेण्या घातलेली एक अधिकारीण होती. तिनं माझा पासपोर्ट उघडला. फोटोत कुंकू, माझ्या कपाळाला कुंकू. तिनं भुवया वर केल्या, पण शिक्का मारला. सुजाताचं तसंच. रणजितला मी निघताना नाम ओढलाच होता, तोही सुटला. मग चंपाक्कांचा पासपोर्ट उघडला. फोटोच्या कपाळावर लालभडक ठिपका, आणि काचेपुढं पांढरं कपाळ. तिनं ओल्या कापडानं फोटो पुसला. कुंकू गेलं, पण डाग गेला नाही, उलट गोल होऊन बसला. मग तिनं बोटं मशिनवर ठेवायला सांगितली. चाळीस वर्षं खुरपं धरलेली बोटं, त्यावरच्या रेषा शेतानं कधीच घेतल्या होत्या. मशिननं प्रत्येक वेळी लाल दिवा दाखवला.

ती जे म्हणाली ते रणजितनं आम्हाला सांगितलं. फोटोतल्या बाईच्या कपाळावर खूण आहे, हिच्या नाही. बोटं उमटत नाहीत. मी कुणाला आत सोडू?

रणजित माझ्याकडे वळला. तो मला लहानपणापासून ओळखतो. मी वर बघत छताचे पंखे मोजत होते. सात होते.

"आई," तो हळूच म्हणाला, "हे कुणी लावलं?"

माझ्या आधी चंपाक्का बोलल्या. नेहमीच्या आवाजात, हॉलभर ऐकू जाईल असं.

"मीच लावलो. सकाळी, देवापुढं."

सुजातानं आईकडं ज्या नजरेनं बघितलं, ती मला सहन होईना. मी पुन्हा पंख्यांकडं वळले. आत्ता बोल, आत्ता बोल, असं स्वतःला म्हणत होते, आणि बोलत नव्हते. मी एरवी गावातल्या कुणाचंही भांडण तोंड घालून सोडवायची. त्या दिवशी जिभेला कुलूप.

आम्हाला बाकावर बसवलं. मोठा साहेब आला, चंपाक्कांची जन्मतारीख विचारून गेला, परत आला, आमचे सगळ्यांचे कागद घेऊन गेला. तासावर तास. तेव्हाच सुजातानं मला भूपालचं सांगितलं. डोळे पुसत, हळू आवाजात. चंपाक्का मात्र हॉलच्या दारातून पडणारं ऊन बघत होत्या. ते ऊन फरशीवरून सरकत बाकापर्यंत आलं होतं. त्यांना त्यातूनच कळत होतं किती वाजले, त्यांच्या घड्याळानं.

जोसेफ आत आला, म्हणाला, आता निघालो नाही तर उजेडात पोचत नाही.

चंपाक्का उठल्या. माझ्यासमोर येऊन हात पुढं केला.

"विहीणबाई, तुमचा करंडा द्या."

मी पर्समधून करंडा काढून दिला. त्या सरळ खिडकीपाशी गेल्या. आरसा नव्हता. काचेत आपलं तोंड बघत, आत ती अधिकारीण बघतेय त्याच काचेत, मशिनवर न उमटलेलं ते बोट कुंकवात बुडवून त्यांनी कपाळाला लावलं. बरोबर फोटोतल्या जागी. मग हनुवटी वर करून उभ्या राहिल्या. अधिकारीण फोटोकडं बघते, त्यांच्याकडं बघते, पुन्हा फोटोकडं. तिनं मोठ्या साहेबाला बोलावलं. तो काहीतरी बोलून हसला. ती नाही हसली. तिनं शिक्का मारला आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला.

विधवेनं कुंकू लावलं तर काय होतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी गेट उघडलं, एवढंच झालं.

पुढं दोन तास गाडी चालली. चंपाक्कांनी कपाळ पुसलं नाही. सुजातानं रुमाल पुढं केला, तर म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, परत येताना पुन्ना कागद बघणार हायत ते.

भूपाल कारखान्याच्या वसाहतीत राहायचा. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उसाच्या तुऱ्यांवर आलं होतं. तो दारातच उभा होता, पिकल्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, आणि सकाळपासून तसाच उभा असावा असे पाय. अक्कांना बघून त्याचा चेहरा उजळला आणि लगेच काहीतरी गोंधळून थांबला. त्यांच्या कपाळाकडं तो जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या मागं गाडीत कुणी राहिलंय का बघितलं.

"अक्का, दाजी आलं न्हाईत?"

सुजाता खाली बघायला लागली. ज्या बाईनं न दिसणाऱ्या जिवांसाठी गाडी चार मैल मागं नेली, तिच्या तोंडातून खोटं निघेल असं कुणाला वाटलं असतं? चंपाक्का दारातलं पायपुसणं पायानं सरळ करत म्हणाल्या,

"म्हशी सोडून येईनात."

माझ्या नवऱ्याचं निमित्त. शब्दासकट.

ग्रेस बाहेर आली. उंच, शांत बाई. तिनं त्या दिवसासाठी नवी पातेली आणली होती. त्यावरची कागदी लेबलं अजून निघाली नव्हती. कच्च्या केळ्यांचं शिजवलेलं काहीतरी आणि पालेभाजी. अक्कांनी एकच विचारलं, जमिनीखालचं न्हाई न्हवं? भूपाल म्हणाला, सतरा वर्षं झाली म्हणून ते इसरलो न्हाई. त्यांनी त्याला ओवाळलं. मग ताटावर बसल्या, आणि खिडकीतून सूर्य बघत बघत जेवल्या. शेवटचा घास गिळला तेव्हा बाहेर लाल कड तेवढी उरली होती. ग्रेसनं पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यांनी तो घेतला.

हे सगळं झालं त्याला आता बारा वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी भूपाल कुरुंदवाडला आला. माजघरात दाजींचा हार घातलेला फोटो होता. मी धीर करून त्याला म्हटलं, तुला कुणी सांगायला पाहिजे होतं. तर तो म्हणाला, मला आधीपासून ठाऊक होतं, साखरेच्या लोकांत बातमी फिरते. मी चक्रावले. मग त्या दिवशी विचारलंस कशाला?

"अक्काच्या कपाळाला बघितलो आणि वाटलं, मीच काय तरी चुकीचं ऐकलोय. बरंच वाटलं की."

म्हणजे दोघांनी एकमेकांना फसवलं, की दोघांनाही सगळं कळत होतं, की त्या दारात एका संध्याकाळपुरतं दोघांनी मिळून एका माणसाला घरी ठेवलं? मला काही उलगडा झाला नाही. मी आता सत्तरीची झाले, तरी नाही.

चंपाक्का गेल्या वर्षी गेल्या. सुजाता अजून समजते की कुंकू आईनंच लावलं होतं. फोटोलाही आणि कपाळालाही. तिनं त्यावर मनात काय काय बांधलं असेल, कोण जाणे. म्हणून हे लिहिलंय. सुजाता, फोटोचं माझ्याकडं लागलं. कपाळाचं तुझ्या आईकडंच.

पण मला त्या दिसतात त्या परतीच्या दिवशीच्या. शिक्के झाले, सीमा मागं गेली, झऱ्यापाशी चंपाक्कांनी गाडी थांबवली. या वेळी त्यांनी न विसरता पाणी गाळलं, फडकं खळबळलं आणि पेला जिथल्या तिथं डबक्यात रिकामा केला. मग पदराचं टोक ओलं करून कपाळ पुसायला लागल्या. घाई न करता, गोल गोल. कॅन भरणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोलले. म्हटलं, अक्का, ते मी केलं, चष्मा नव्हता, मला माफ करा. त्यांनी पदर पिळला. उन्हाकडं बघितलं. मग माझ्या नाकावरचा चष्मा बोटानं वर सरकवून नीट बसवला आणि म्हणाल्या:

"ठाऊक हाय की मला. चष्मा लावत जावा, विहीणबाई. पर दोन दिवस आमचं मालक म्हशीपाशी घरात हुतं. बरं वाटलं."